बंदराजवळची हवा : वाचकांचे प्रश्न

मागच्या खेपेला या सदरात बंदरांचा ओझरता उल्लेख आला आणि पत्रांचा ओघ तिकडेच वळला. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

वास्कोत राहते. गॅलरीच्या कठड्यावर, पंख्याच्या पात्यांवर, देवघरातसुद्धा काळी भुकटी बसते. सकाळी पुसावं तर संध्याकाळी पुन्हा तेच. हे सगळं आमच्या छातीत जातं का?

सगळं नाही. कठड्यावर बोट फिरवल्यावर जी काळी रेघ उमटते, ते बहुतेक जाड कण असतात. त्यांतले बरेच नाकाघशात अडकतात. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात ते अडीच मायक्रॉनहून बारीक कण, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे भुकटी कमी झाली म्हणजे हवा सुधारली, असं समजू नका. अर्थात जिथे जाड धूळ एवढी उडते, तिथे बारीकही उडत असतेच.

तुमची अडचण मुळात भूगोलाची आहे. कोळसा उतरतो ते मुरगाव बंदर पश्चिमेच्या टोकाला आणि गाव त्याच्या पूर्वेला. दुपारी खारे वारे सुटले की कोळशाचे ढीग आणि तुमची गॅलरी एका रेषेत येतात. कोळसा उडतो तो ग्रॅबने (क्रेनच्या पंजाने) जहाजातून उपसताना, ढिगावर पडून असताना आणि वाघिणींत भरताना. ढिगांवर पाणी मारतात, पण एप्रिलच्या उन्हात वरचा थर लगेच सुकतो. झाकलेली गोदामं, कोळसा वाहून नेणारे बंदिस्त पट्टे आणि वाघिणींवर ताडपत्री याला पर्याय नाही.

एक वही करा. तारीख, वेळ, वारा कुठून होता, धक्क्यावर काय चाललं होतं. ‘फार धूळ येते’ या अर्जाला गुळमुळीत उत्तर देता येतं; ‘अमुक तीन दिवस दुपारी दोन ते पाच, माल उतरत असताना’ याला देता येत नाही.

जासईजवळ घर आहे. आमच्याकडे कोळसा नाही, कंटेनर तर बंदच असतात. तरी रात्री घसा जळतो. मोबाइलवर मात्र हवा ‘समाधानकारक’!

कंटेनर बंद असतो हो, पण तो ओढणारा ट्रेलर डिझेलवर चालतो. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि पुढे उरण तालुक्यात यार्डं, सीएफएस (कंटेनरमधला माल भरायची-उतरवायची ठिकाणं), पार्किंग यांचं जाळं पसरलं. रांगेतला ट्रेलर दहा पावलं पुढे सरकायचं म्हणून इंजिन चालू ठेवतो. यार्डातले रीच स्टॅकर (कंटेनर उचलून रचणाऱ्या गाड्या) आणि कितीतरी क्रेनही डिझेलच्याच. जहाजाचा धूर निदान उंच धुराड्यातून सुटतो. ट्रेलरचा सुटतो तो माणसाच्या नाकाच्या पातळीवर. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच दिला आहे. रात्री त्रास वाढतो, कारण वारा पडतो आणि थंडीत जमिनीलगतची हवा वर उठत नाही.

आता मोबाइलचं. तो जवळच्या केंद्राचा आकडा दाखवतो, आणि ते ‘जवळचं’ केंद्र कित्येक किलोमीटरवर असू शकतं. शिवाय आपल्या हवेच्या निर्देशांकात सूक्ष्म कणांची २४ तासांची सरासरी धरतात, म्हणजे तुमचे रात्रीचे वाईट चार तास दिवसभराच्या आकड्यात विरघळतात. आणि ‘समाधानकारक’ कशाला म्हणायचं? घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत आपण म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची शिफारस १५ ची आहे. तुमचा घसा खोटं बोलत नाही.

घरापुरतं एवढं करा : रस्त्याकडच्या खिडक्या रात्री बंद, झोपायची खोली मागच्या बाजूला. रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत गेलं तरी धुरात बराच फरक पडतो. मुलांची शाळा निवडताना हे अंतर बघा.

मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे. २०२० पासून आम्ही कमी गंधकाचं तेल जाळतो. अजून जहाजांच्या नावाने बोटं का मोडता?

तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० ला ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली, हे मोठं काम झालं. त्याआधी, २००७ च्या एका अभ्यासात, जहाजांच्या सूक्ष्म कणांमुळे जगात वर्षाला सुमारे ६०,००० अकाली मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. त्यांतले बहुतेक युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांवरचे.

उरलेलं अर्धं तुम्हीच जास्त जाणता. ०.५ टक्के म्हणजे दशलक्षात ५,००० भाग. बीएस-६ डिझेलमध्ये १० चालतात. युरोपच्या धक्क्यांवर २०१० पासून ०.१ टक्क्याची सक्ती आहे, भूमध्य समुद्रातही मे २०२५ पासून तीच मर्यादा लागू झाली. भारताच्या किनाऱ्याला असं नियंत्रित क्षेत्र नाही. मुख्य इंजिन बंद झालं तरी धक्क्यावर तुमचे जनरेटर आणि बॉयलर धडधडतच असतात. आणि गंधक घटलं म्हणून नायट्रोजन ऑक्साइड घटत नाहीत. यात तुमचा दोष नाही. तेल कोणतं घ्यायचं हे इंजिन रूममध्ये ठरत नाही.

गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघून जाते, हे खरं का?

नाही. आवडतो म्हणून खा. धुळीसाठी नीट बसणारा एन-९५ मास्क वापरा. रुमाल बांधून बारीक कण थांबत नाहीत.

डहाणूचे आम्ही. वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. विरोध केला, अजून आहेच. पण बंदर झालंच, तर हवेसाठी काय मागायचं?

आधी आजची हवा मोजून घ्या. बंदर सुरू झाल्यावर ‘इथे पहिल्यापासून असंच होतं’ हे उत्तर मिळणार, तेव्हा हातात आधीच्या एका पूर्ण वर्षाचे आकडे हवेत. किनाऱ्यालगतचे आणि आतल्या गावांचेही. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झालेला आहे, त्याचा आधार घ्या.

मग प्रत्येक धक्क्यावर जहाजाला किनाऱ्यावरून वीज, विजेवरच्या क्रेन, आणि जास्तीत जास्त माल रेल्वेने. पण नुसती वीजजोडणी मागून भागणार नाही. खांब उभा राहतो, फीत कापली जाते, जहाज मात्र जनरेटरच चालवतं, कारण ते स्वस्त पडतं. किती जहाजांनी किती तास वीज घेतली, हे दरमहा जाहीर करण्याची अट घाला.

लॉस एंजेलिसच्या बंदराने २००६ मध्ये हवा सुधारण्याचा आराखडा केला, २००८ पासून जुने ट्रक टप्प्याटप्प्याने बाहेर काढले. डिझेलचे कण ८० टक्क्यांहून जास्त घटले. मात्र नव्या ट्रकचे हप्ते तिथल्या कित्येक चालकांच्याच मानगुटीवर बसले. इकडे ट्रेलर स्थानिक पोरंच घेतात, कर्ज काढून. तेव्हा नव्या गाड्यांचा पैसा कोण देणार, हेही अटींमध्येच लिहून घ्या.