चोरांकडून धंदा शिकायचा का?

प्रश्न: सर नमस्कार, मी मंगळवार पेठेत राहते, घरी कांदा-लसूण चटणी करून व्हॉट्सअॅप आणि इन्स्टावर विकते. परवा उद्योजकांच्या शिबिरात एक वक्ते म्हणाले, ऑनलाइन गुन्हेगारांकडून धंदा शिका, ते लई पुढं गेलेत. सगळे हसले, मला मात्र राग आला, कारण आमच्या मामांचे पेन्शनचे पैसे असल्याच लोकांनी फोनवर गोड बोलून नेलेत. पण डोक्यातनं ते जाईना. माझ्याकडं लोक रेट विचारतात आणि गप्प होतात, आणि चोराला ओळखदेख नसताना लाखभर पाठवतात. असं का? यांच्याकडून खरंच काही घेण्यासारखं आहे का?

उत्तर: ताई, राग आला ते योग्यच आहे. मामांनी तक्रार केली नसेल तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उशीर झाला असला तरी नोंद होऊ दे. आणि पुन्हा कधी घरात असं झालं तर एक मिनिट वाया घालवायचं नाही, जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता वक्त्यांचं. निम्मं खरं आहे. चोर एक गोष्ट आपल्यापेक्षा चांगली करतो, समोरचा माणूस नेमका कुठं अडतो ते तो बघत बसतो. कंपन्यांचे कंप्युटर लॉक करून खंडणी मागणाऱ्या टोळ्या बघा, पैसे दिल्यावर फाइल खरंच उघडेल का ही शंका समोरच्याला येणार हे त्यांना माहीत असतं, म्हणून एखादी फाइल फुकट उघडून दाखवतात, चॅटवर उत्तर द्यायला माणूस बसवतात, बिटकॉइन कसं घ्यायचं तेपण समजावतात. तुमच्या गिऱ्हाइकाची शंका काय आहे? चटणी खरंच घरची आहे का, तिखट किती, पैसे भरले आणि पार्सल आलंच नाही तर? मग ५० ग्रॅमचं पाकीट स्वस्तात द्या, डंकावर कुटतानाचा व्हिडिओ टाका, पाकिटावर एफएसएसएआयचा नंबर छापा (घरगुती धंद्यालाही नोंदणी लागतेच).

आणि रेट विचारून गप्प होणाऱ्यांचं. मायक्रोसॉफ्टमधल्या कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २०१२ मध्ये लिहिलं होतं की 'नायजेरियातून कोट्यवधी रुपये येणारेत' असल्या मेल मुद्दामच अशा असतात की शहाणा माणूस पहिल्याच ओळीत गळावा, म्हणजे चोराचा वेळ फक्त भोळ्यांवर जातो. तुम्ही हेच सरळ मार्गाने करा. 'रेटसाठी मेसेज करा' हे बंद करा, पोस्टमध्येच लिहा, किलोला इतके, कुरिअर इतकं, तिखट झणझणीत. ज्याला परवडत नाही तो तिथंच थांबेल आणि जो मेसेज करेल तो बहुतेक घेणाराच असेल. माझ्या मते तुमचा निम्मा त्रास इथंच संपेल.

घाई आणि भीती मात्र अजिबात उचलू नका, आणि खरं सांगायचं तर लोक चोराला लाख पाठवतात ते याच दोन गोष्टींमुळं, मामांना विचार करायला वेळच दिला नसणार. 'फक्त दोन तास, शेवटची पाच पाकिटं' असं खोटं लिहिणं हल्ली सर्रास चाललंय, पण केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत खोटी घाई दाखवणं ग्राहकाची फसवणूक म्हणूनच धरलंय.

वक्त्यांनी बहुतेक हे सांगितलं नसेल, लॉकबिट नावाच्या खंडणी टोळीचे सर्व्हर ब्रिटनच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतले तेव्हा पैसे भरलेल्या लोकांचा चोरलेला डेटासुद्धा तिथं तसाच सापडला. डिलीट करतो म्हणून पैसे घेतलेले, केला नव्हता. त्यांना तेच गिऱ्हाईक परत नको असतं ताई. तुम्हाला ते दर दोन महिन्यांनी पाहिजे, म्हणून पहिलं पाकीट संपायच्या सुमाराला गिऱ्हाइकाला एक मेसेज टाका, तिखट बरोबर होतं का विचारा, आणि पुढच्या वेळी ते म्हणेल तसं कमीजास्त करून द्या.