उशाखालची भाकरी

"आई वृद्धाश्रमात नीट जेवते, पण अर्धी भाकरी पदरात लपवून खोलीत नेते. उशाखाली, कपाटात, चपलांच्या पिशवीतसुद्धा तुकडे सापडतात. मुंग्या होतात. आश्रमवाले म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय, दुसरीकडे हलवा. खरंच तसं असेल का?"

हा प्रश्न मला बऱ्याच मुलामुलींनी विचारलाय. कुठे भाकरी असते, कुठे साखरेच्या पुड्या. त्यातल्या एका आजींबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजी पंचाहत्तरीच्या, साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या. पती गेल्यावर मुलाने पुण्याजवळच्या आश्रमात ठेवलेलं. सुरुवातीला मीही विस्मरणच धरून चालले होते. डॉक्टरांकडून तपासण्या करून घेतल्या, आणि त्या करायलाच हव्यात. लघवीत नुसता जंतुसंसर्ग झाला तरी वयस्कर माणसाचं वागणं दोन दिवसांत पालटतं. पण आजींचं सगळं ठीक निघालं. सुनेचा फोन नंबर त्यांना तोंडपाठ होता, जो मुलाला नव्हता!

मग मी दोन-तीन दिवस जेवणाच्या वेळी तिथे नुसती बसून राहिले. बाराला शिट्टी वाजायची. सगळे रांगेत. एक बाई वहीत नावांपुढे खुणा करायची. शिट्टी झाली की आजींचा हात पदराच्या गाठीवर जायचा. रविवारी मात्र कुणा देणगीदाराकडून जेवण असायचं, पंगत बसायची, जागेवर वाढायचे. त्या दिवशी आजी काही लपवत नसत.

"लपवता का?" असं विचारलं असतं तर त्या गप्पच बसल्या असत्या. मी विचारलं, "आजी, अशा रांगेत आधी कुठं उभ्या राहिलात?"

"बहात्तरला. खडीवर."

१९७२च्या दुष्काळात राज्यभर सरकारी कामं निघाली होती. खडी फोडायची, पाझर तलाव खणायचे, रस्त्यावर माती टाकायची. मुकादम हजेरी घ्यायचा. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ मिळायचा, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. आजी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांच्या, नव्याने नांदायला आलेल्या. दुपारची सुकडी फडक्यात बांधून घरी न्यायची, सासू आणि धाकट्या दिराला द्यायची, असं ठरलेलं. एके दिवशी वाटेत बाभळीखाली बसून त्यांनी ती सगळी खाल्ली.

"सासूबाईंनी फडकं झटकून बघितलं. बोलल्या न्हाईत कायबी."

एवढंच. कुणी दगावलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. पण हे त्यांनी पन्नास वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आघात म्हटला की आपण भूकंप, दंगल, अत्याचार शोधतो. भूक आणि शरम यांचाही आघात होतो, आणि तो फार गुपचूप राहतो.

मग आताच का? हात कामात होते तोवर आठवण दबून होती. आश्रमात काम नाही, नवरा नाही, कधी आणि किती खायचं हेही दुसऱ्याच्या हातात. वर शिट्टी, रांग आणि हजेरी. शरीराला तेव्हाचं आणि आताचं वेगळं करता येत नाही.

आम्ही केलं ते साधंच. शिट्टी बंद. आजींना जागेवर वाढायचं. उशाशी झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात शेंगदाण्याचा लाडू आणि राजगिऱ्याची चिक्की. रात्री झोपण्याआधी आश्रमात काम करणाऱ्या मावशींनी डबा उघडून दाखवायचा: "आजी, भरलेला आहे हं." संचालकांना हे लाड वाटले. पण महिनाभरात मुंग्या गेल्या, हे त्यांनीच सांगितलं.

मुलांना एक विनंती. आईबाबांचं कोडं सुटेल म्हणून त्यांना खोदखोदून विचारू नका. घटना कळली नाही तरी चालतं. कोणत्या वेळी, कोणत्या आवाजाने, कुणाच्या स्पर्शाने ते बिथरतात एवढं लिहून ठेवा आणि तेवढं बदला. आंघोळीला नकार, बंद दाराची भीती, रात्री गाठोडं बांधून बसणं, हेही असंच बघता येतं. अंगाला हात लावण्याआधी सांगायचं, हा नियम तर सगळ्यांसाठीच असावा. आठवण उघडून झोप उडाली असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या.

आजी अजूनही मधूनच एक तुकडा पदराला बांधतात, बाजरीची भाकरी असली की हमखास. मावशींनी विचारलं, "काढून घेऊ का?" मी म्हटलं, राहू दे. सकाळी त्या स्वतःच तो कुस्करून चिमण्यांना घालतात.