दुबईत नवीन आलायस ना, मग अल फहिदी बघच

बुर्ज खलिफा, मॉल हे सगळं होईलच रे, पण एक सकाळ ‘बर दुबई’ या जुन्या भागातल्या अल फहिदीसाठी राखून ठेव. खाडीला लागून अगदी छोटीशी वस्ती आहे, जुनं नाव बस्तकिया, कारण इराणातल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही घरं बांधली. १९८० च्या दशकात बरीच पाडली गेली, उरलीत ती नीट जपलीत.

मी पहिल्यांदा जुलैत भर दुपारी गेलो आणि डोकं धरूनच परत आलो, तू तसं करू नकोस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ-साडेआठला जा, गल्ल्यांना तिथे सिक्का म्हणतात, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील इतक्या अरुंद, त्यामुळे सावली मिळते. मान वर करून बर्जील बघ, म्हणजे घरावरचे चौकोनी मनोरे, चारही बाजूंनी उघडे, येईल तो वारा पकडून खाली खोलीत सोडायचे, एसी नव्हते तेव्हाची सोय. आणि गिलावा उडालेली भिंत दिसली की जवळ जाऊन बघ, आत प्रवाळाचा दगड असतो, बारीक बारीक भोकांचा, वाळलेल्या स्पंजसारखा. मी तर तिथेच दहा मिनिटं उभा होतो.

लोकांचे फोटो विचारून काढ. नंतर कापडबाजारातून चालत धक्क्यावर ये, आब्रा म्हणजे लाकडी होडीने १ दिरहॅममध्ये खाडीपलीकडच्या देरा भागात जा. सुटे ठेव. आणि बर दुबईतलं जुनं शिवमंदिर शोधत बसू नकोस, ते २०२४ च्या जानेवारीत जेबेल अली भागात हलवलंय.