मे महिन्यात बोत्सवाना: ओकावांगोचं पाणी पाहावं की कलहारीचं वाळवंट?

तुम्ही विचारलंय की मेच्या सुट्टीत दहा दिवस बोत्सवानाला जायचंय, तुम्ही दोघं आणि चौदा वर्षांची मुलगी, ताडोबा तीनदा झालंय, तर ओकावांगो करावं की कलहारी, आणि तिथले लॉज एवढे महाग का. मी अकरा वर्षं इथे राजधानी गॅबरोनला राहतेय, इथे अकाउंट्सचं काम करते, आणि चार दिवस सुट्टी मिळाली की आम्ही गाडी काढून उत्तरेकडे निघतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर सांगून टाकते. दोन्ही करा, पण फक्त दोनच ठिकाणी राहा. चार-पाच रात्री पाण्यात, तीन रात्री वाळवंटात, मधे एक डेल्टाच्या दाराशी असलेल्या माउन गावात. आणि मे महिना तुम्ही अगदी बरोबर धरलाय.

तो बरोबर का, तर इथलं सगळं पाण्याच्या वेळापत्रकावर चालतं आणि ते वेळापत्रक आपल्या डोक्यातल्या पावसाळ्याच्या उलटं आहे. ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही. अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोत्सवानात शिरते आणि कलहारीच्या वाळूत हाताच्या बोटांसारखी पसरून तिथेच संपते, त्या पसरलेल्या भागालाच ओकावांगो डेल्टा म्हणतात. अंगोलात पाऊस पडतो आपल्या हिवाळ्यात, पण खाली उतार इतका कमी की सरहद्दीवर मोहेम्बोला आलेलं पाणी माउनला पोचायला साधारण चार महिने घेतं. म्हणजे पूर येतो तेव्हा इथला पाऊस कधीच संपलेला असतो, आभाळ निळंभोर, चहूकडे गवत वाळून पिवळं झालेलं, आणि मधोमध पाणी चढतंय. म्हणून जनावरं तिकडे ओढली जातात.

कलहारीचं नेमकं उलटं. तिथे बारमाही पाणी नाहीच, पावसाच्या दिवसांत, जानेवारी ते एप्रिल, जुन्या कोरड्या नदीपात्रांत कोवळं गवत येतं आणि त्यावर जेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक ही हरणं जमतात, त्यांच्यामागे सिंह आणि चित्ते. जुलै-ऑगस्टमध्ये डेल्टा भरलेला असतो पण कलहारीतली जनावरं पांगलेली, फेब्रुवारीत कलहारी हिरवी पण डेल्टात पाणी कमी आणि उकाडा जिवावर येतो. मेमध्ये डेल्टाच्या वरच्या आणि मधल्या भागात पाणी पोचलेलं असतं, कलहारीत गवताचा शेवटचा ओलावा टिकून असतो, डास कमी झालेले असतात, आणि लॉजचे दरही जून-जुलैनंतरच्या मोसमापेक्षा बरेच खाली असतात.

आता पाण्याबद्दल थोडं, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. मोकोरो म्हणजे लांबट अरुंद होडी, पूर्वी एका झाडाच्या बुंध्यातून कोरायचे, आता बहुतेक फायबरच्या असतात म्हणजे मोठी झाडं वाचतात. मागे एकजण उभा राहून लांब काठीने ढकलत नेतो, त्या काठीला नगाशी म्हणतात. तुम्ही होडीच्या तळाशी पाय पसरून बसता, त्यामुळे डोळे पाण्यापासून जेमतेम दोन फुटांवर. इंजिन नाही, आवाज नाही, फक्त लव्हाळ्याची पाती होडीला घासत जातात. पाणी इतकं स्वच्छ की खालची पांढरी वाळू आणि कुमुदिनीचे लालसर देठ तळापर्यंत दिसतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मोकोरोवाल्याने होडी थांबवून काठीच्या टोकाने एक लव्हाळं दाखवलं, मला काहीच दिसेना, मग दिसलं, अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक, पांढुरक्या अंगावर रेघारेघा आणि पायांची बोटं लाल. मी दहा मिनिटं त्याच्याकडेच बघत होते, पलीकडे लेचवे हरणांचा कळप पाण्यातून उड्या मारत गेला तरी मान वळवली नाही.

आणि ती बेटं! हजारो बेटं आहेत आणि त्यातल्या कितीतरींची सुरुवात वाळवीच्या वारुळाने झालेली असते. वारूळ पुराच्या पाण्यावर राहतं, त्यावर पक्षी बसतात, विष्ठेतून बिया पडतात, झाडं येतात, त्यांच्याभोवती गाळ साठत बेट वाढतं. मोठ्या बेटावर चालायला मिळालं तर मध्यापर्यंत नक्की जा. काठाला अंजिराची आणि इतर मोठी झाडं असतात आणि मध्यभागी एकदम उजाड, जमिनीवर पांढरा थर, तो क्षार असतो. काठाची झाडं जमिनीतलं पाणी ओढून घेतात, क्षार मागे राहतो आणि बेटाच्या पोटात साठत जातो. एवढ्या उन्हात जवळजवळ सगळं पाणी हवेत उडून जातं, एखादं खाऱ्या पाण्याचं तळं व्हायला हवं होतं, पण बेटांनी क्षार पोटात घेतल्यामुळे बाहेरचं पाणी गोडं राहतं. हे कळल्यावर मला प्रत्येक झाड वेगळंच दिसायला लागलं.

महाग का, तर मुख्य कारण सरकारी धोरण. गर्दी नको, थोडे लोक या आणि जास्त पैसे द्या, असं इथे मुद्दाम ठरवलंय. राखीव जंगलाबाहेरचे मोठे मोठे पट्टे कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिले जातात आणि तिथे किती खाटा ठेवायच्या याला मर्यादा असते. त्यात रस्ता नाही, भाजीपासून पाहुण्यापर्यंत सगळं छोट्या विमानाने येतं. चांगल्या मोसमात डेल्टातल्या नावाजलेल्या कॅम्पचा दर माणशी रात्रीला हजार डॉलरच्या वर सहज जातो. पण त्यात जेवण, सफारी, गाइड सगळं आलं, आणि मुख्य म्हणजे अशा खाजगी पट्ट्यात रस्ता सोडून गाडी नेता येते, रात्रीची सफारी होते, गाइडसोबत पायी फिरता येतं. रानकुत्र्यांचा कळप शिकारीला निघाला की त्यांच्यामागे झुडपांतून गाडी जाते, हे ताडोबात शक्य नाही, आणि डेल्टातल्या मोरेमी या राखीव जंगलातही नाही.

पण मोरेमीला कमी लेखू नका. ते १९६३ मध्ये तिथल्या बाटावाना लोकांनी स्वतःची जमीन देऊन राखीव केलं, बेसुमार शिकार थांबावी म्हणून, तेव्हा टोळीप्रमुख मोरेमी तिसरे यांच्या पत्नी टोळीचा कारभार पाहत होत्या. आपल्याच जमिनीवर आपणच शिकार बंद करायची हा निर्णय साधा नाही. पुढे २०१४ मध्ये डेल्टा युनेस्कोच्या यादीत गेला, यादीतलं हजारावं ठिकाण.

एक चूक आमची झाली ती सांगते. पहिल्या वेळी एका एजंटने पाच रात्रींत चार लॉज बसवून दिले, कागदावर फार भारी वाटलं. प्रत्यक्षात रोज सकाळी बॅगा भरा, धावपट्टीवर जा, विमानाची वाट बघा, नवीन गाइडला पुन्हा पहिल्यापासून ओळख द्या. शिवाय त्याने हे सांगितलंच नाही की त्या विमानात कडक सुटकेस चालत नाही, मऊ बॅग लागते, आणि वजनाची मर्यादा कॅमेऱ्यासकट वीस किलोच्या आसपास असते, अर्धं सामान माउनला ठेवावं लागलं. एकाच ठिकाणी तीन-चार रात्री राहिलात की गाइडला कळतं तुम्हाला काय आवडतं, कालच्या बिबट्याच्या मागावर आज पुन्हा जाता येतं, खरी मजा त्यात आहे.

बजेट बसत नसेल तर मन खट्टू करू नका. माउनहून बोरो गावाकडे मोकोरोवाल्यांच्या स्वतःच्या ट्रस्टमार्फत होड्या मिळतात, दिवसभराची किंवा एक-दोन रात्री बेटावर तंबूत राहायची सोय होते, खर्च लॉजच्या मानाने अगदीच कमी आणि पैसे थेट गावात जातात. फक्त मेच्या सुरुवातीला त्या बाजूला पाणी कितपत आलंय हे निघण्याआधी विचारून घ्या. किंवा छतावर तंबू असलेली फोर बाय फोर भाड्याने घ्या, गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. मोरेमीतल्या आणि त्याला लागूनच्या ख्वाईतल्या कॅम्पसाइटला कुंपण नसतं, रात्री तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही. वाळूत चाकांतली हवा कमी करता येत नसेल, पाण्यातून गाडी काढायची सवय नसेल, तर पहिल्याच फेरीत हे एकट्याने करू नका, ड्रायव्हर-गाइड घ्या. आणि अंधार पडल्यावर हायवेवर अजिबात नको, गाढवं आणि गुरं रस्त्यात उभी असतात.

कलहारीत मी सेंट्रल कलहारी म्हणेन, डिसेप्शन व्हॅलीच्या बाजूला. बावन्न हजार चौरस किलोमीटरच्या वर राखीव क्षेत्र, आपला ताडोबा-अंधारी बफर धरून १,७२७ आहे, यावरून अंदाज करा. पूर्ण सकाळ एकही गाडी दिसली नाही असं तिथे होतं. जनावरं कमी दिसतात, हे आधीच मनाशी धरून जा. पण दिसतं ते लक्षात राहतं. काळ्या आयाळीचा सिंह पिवळ्या गवतात बसलेला, किंवा जेम्सबॉक रानकलिंगड खातोय, कित्येक दिवस त्याला पाणी म्हणून तेवढंच मिळतं. रात्री इतकी शांतता की स्वतःच्या श्वासाचा आवाज येतो, आणि मेमध्ये जेवणाच्या वेळेला त्रिशंकू तारकासमूह दक्षिणेच्या आभाळात चांगला उंच असतो, मुलीला दाखवा.

तिथे कलहारीच्या मूळ रहिवासी सान लोकांसोबत पायी फिरण्याचा कार्यक्रम बऱ्याच लॉजमध्ये असतो. जरूर जा, पण मुलीला हेही सांगा की हे राखीव क्षेत्र १९६१ मध्ये झालं तेव्हा त्यात या लोकांच्या राहण्याचाही विचार होता, पुढे १९९७ आणि २००२ मध्ये त्यांना बाहेर काढलं, आणि २००६ मध्ये कोर्टाने २००२ मधलं बाहेर काढणं बेकायदेशीर ठरवलं. कातडं पांघरून आग पेटवून दाखवतात तो कार्यक्रम असतो, तेच लोक संध्याकाळी जीन्स घालून घरी जातात. त्यांना झाडांबद्दल विचारा, कोणतं मूळ कधी खणायचं, मुंगी कुठे जातेय यावरून काय कळतं, तेव्हा ते खुलून बोलतात.

बारीकसारीक गोष्टी: मेमध्ये पहाटे उघड्या जीपमध्ये कडाक्याची थंडी वाजते, टोपी, हातमोजे, जाड जॅकेट आणाच. डेल्टात मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला. जोहान्सबर्गला विमानतळाबाहेर पडणार असाल तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा वेगळा लागतो. बरेच कॅम्प बारा वर्षांखालच्या मुलांना मोकोरोत बसवत नाहीत, तुमची चौदाची आहे म्हणजे प्रश्न नाही. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, नुसतं व्हेज म्हणू नका, अंडं चालतं का, मासा चालत नाही, हे स्पष्ट लिहा, मग व्यवस्थित करतात. दुर्बीण मात्र प्रत्येकाला स्वतंत्र हवी, एका दुर्बिणीत तिघांचं भांडण होतं आणि तोवर पक्षी उडतो.

मधे माउनला एक दिवस राहा म्हटलं ते थामालाकाने नदीसाठी. मेमध्ये तिचं पात्र बहुतेक कमी पाण्याचं किंवा कोरडं असेल. आम्ही एकदा जूनअखेर तिथे होतो आणि पाणी येताना पाहिलं. लाट वगैरे काही नाही, वीतभर उंचीची तपकिरी जीभ, पुढे वाळकी पानं, शेण आणि फेस ढकलत माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकत होती. भेगांमधून किडे बाहेर पळत होते आणि बगळे अगदी पाण्याच्या कडेने चालत ते टिपत होते. लोक गाड्या थांबवून उभे होते, शाळेतून आलेली पोरं पाण्यापुढे उलटं चालत होती. इथल्या चलनाचं नाव पुला, म्हणजे पाऊस. तुमच्या मोकोरोवाल्याला पहिल्या दिवशी "दुमेला रा" म्हणून नमस्कार करा आणि विचारा, यंदा पाणी कुठवर आलंय. गप्पा तिथूनच सुरू होतील.