४० टक्के घर घेतल्यावर पुढे काय: वाटा वाढवायचा की घर बदलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांना मिल्टन कीन्सला नोकरी लागली आहे, स्किल्ड वर्कर व्हिसा आहे, मुलगी चार वर्षांची, आणि पुण्यात वारज्याला दोघांच्या नावावर टू-बीएचके आहे. भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा पोचल्या पोचल्या शेअर्ड ओनरशिपमध्ये (घराचा काही वाटा विकत घ्यायचा, उरलेल्यावर भाडं भरायचं, अशी योजना) ४० टक्के वाटा घ्यावा असं तुमच्या मनात आहे. पुढे तो जमेल तसा वाढवत १०० पर्यंत न्यावा की चार-पाच वर्षांनी विकून मोठ्या घरात जावं, हे तुम्ही विचारलंय. आम्ही रेडिंगमध्ये याच योजनेतल्या फ्लॅटमध्ये राहतो आणि हाच प्रश्न आमच्या घरी बरेच महिने जेवणाच्या टेबलावर होता, म्हणून सविस्तर लिहिते. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे.

उत्तर आधी सांगते, हिशेब मागून. तुकड्यातुकड्यांनी वाटा वाढवणं सध्याच्या व्याजदरात बहुतेकांना परवडत नाही. एकदम १०० टक्के जमणार असतील आणि त्याच घरात आठ-दहा वर्षं काढायची असतील, तरच त्या वाटेला जा. नाहीतर पैसे साठवा आणि घर बदला. पण तुमच्या बाबतीत त्याच्याही आधी वारज्याच्या फ्लॅटचं बघायला हवं.

या योजनेत घराचं एकत्रित वार्षिक उत्पन्न ८०,००० पौंडांच्या आत लागतं, लंडनमध्ये ९०,०००. ही अट सगळ्यांना माहीत असते. दुसरी अट अर्ज भरताना समोर येते: तुमच्या नावावर दुसरं घर असेल तर ते विकावं लागतं, आणि 'दुसरं घर' म्हणजे जगात कुठेही. शिवाय स्टॅम्प ड्यूटीचा मामला आहे. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून आधीचं घर असलेल्यांना नव्या घरावर ५ टक्के जादा ड्यूटी पडते, आणि त्यात परदेशातलं ४०,००० पौंडांच्या वरचं घरही धरतात. म्हणजे रुपयांत पंचेचाळीस-पन्नास लाख. वारज्यात टू-बीएचके त्याच्या आत बसणं कठीण. नवरा-बायको एकच धरले जातात, त्यामुळे 'मग फक्त ह्यांच्या नावावर घेऊ' हा उपाय चालत नाही. वारज्याचं आधी विकून आलात तर ५ टक्के वाचतील, पण पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची सवलत तरीही मिळणार नाही, कारण आयुष्यात कुठेही घर नावावर झालेलं नसणं ही तिची अट आहे. 'पुण्याचं इथे कोणाला कळतंय' असं सांगणारे भेटतील. सॉलिसिटर लेखी विचारतो आणि खाली तुमची सही असते. नका करू.

शिवाय खरेदीच्या आधीच्या वर्षभरात १८३ दिवस इथे राहिलेले नसाल तर आणखी २ टक्के. ते नंतर इथे तेवढे दिवस भरले की परत मागता येतात, पण आधी भरावे लागतात. एवढ्यासाठी तरी पहिलं वर्ष भाड्याने राहा. मुलीची शाळा कळेल, स्टेशन कळेल, आणि बँकेलाही तुमचे इथले पगार दिसतील.

आता हिशेब. सोयीसाठी गोल आकडे घेते. फ्लॅट ३,२०,००० पौंडांचा, ४० टक्के म्हणजे १,२८,०००. त्यावर १० टक्के डिपॉझिट १२,८००, बाकी १,१५,२०० चं मॉर्गेज. ५ टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता महिना ६१८ च्या आसपास. उरलेल्या ६० टक्क्यांवर हाउसिंग असोसिएशनला, म्हणजे उरलेला वाटा जिच्याकडे असतो त्या गृहनिर्माण संस्थेला, भाडं. सुरुवातीला ते बहुधा वर्षाला २.७५ टक्के असतं, म्हणजे महिना ४४०. वर मेंटेनन्स, धरा १८०. एकूण साडेबाराशेच्या घरात. मेंटेनन्सची गंमत अशी की वाटा ४० टक्के असला तरी तो १०० टक्के तुम्हीच भरायचा.

भाडं दरवर्षी महागाईच्या आकड्याला बांधलेलं असतं. जुन्या करारांत आरपीआय अधिक अर्धा टक्का, ऑक्टोबर २०२३ नंतरच्या नव्या करारांत सीपीआय अधिक १ टक्का (आरपीआय आणि सीपीआय हे महागाई मोजायचे दोन निर्देशांक). ऑक्टोबर २०२२ मध्ये आरपीआय १४.२ टक्क्यांवर गेला होता, तेव्हा आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा आला. बऱ्याच संस्थांनी पुढच्या वर्षीची वाढ आपणहून ७ टक्क्यांवर रोखली, पण करारात तसं कुठे लिहिलेलं नसतं.

समजा चार वर्षं झाली. फ्लॅट ३,५०,००० चा झाला, भाडं ४४० चं ५२० झालं. तुम्ही आणखी २० टक्के घ्यायचं ठरवलंत. भाव आजचा लागतो, घेतलात तेव्हाचा नाही, म्हणजे ७०,००० पौंड. असोसिएशनकडच्या ६० टक्क्यांतला २० चा भाग कमी झाला, म्हणून भाडं एक तृतीयांशाने उतरलं: महिना १७३ वाचले. पण ७०,००० चं कर्ज ४.५ टक्क्यांनी काढलंत तर पहिल्या वर्षी नुसतं व्याजच महिना २६० च्या पुढे, आणि पंचवीस वर्षांचा हप्ता ३८९. १७३ चं भाडं वाचवायला २६० चं व्याज भरायचं, असा हा सौदा आहे. कर्ज न काढता साठवलेले पैसे घातलेत तरी ७०,००० वर वर्षाला दोन हजार सुटतात, म्हणजे ३ टक्के. तेवढं व्याज बँकेतल्या आयसामध्येही (करमुक्त बचत खात्यात) मिळून जातं, आणि पैसे हातात राहतात.

मग लोक वाटा का वाढवतात? कारण त्या २० टक्क्यांवरची भाववाढ आपली होते. ते खरंय, पण गेल्या काही वर्षांत भाव वाढले ते स्वतंत्र घरांचे. फ्लॅट मागे राहिले. दुसरं म्हणजे काळ. २०२१ च्या शेवटी बँक ऑफ इंग्लंडचा दर ०.१ टक्क्यावरून नुकता हलत होता, तेव्हा २ टक्क्यांच्या आत मॉर्गेज मिळायचं. त्या वेळी वाटा वाढवलेल्यांनी उत्तम केलं. ऑगस्ट २०२३ पर्यंत तोच दर ५.२५ वर गेला आणि गणित उलटलं. म्हणून कोणी 'आम्ही वाढवला, फायद्यात आहोत' म्हणालं तर आधी साल विचारा.

वाढवायची प्रक्रियाही सुखाची नाही. आरआयसीएसचा (सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेचा) सर्व्हेयर मूल्यांकनाला बोलवावा लागतो, आपल्या खर्चाने. आमच्याकडे आले ते गृहस्थ वीसेक मिनिटं होते. लेझरचं यंत्र भिंतीला लावून खोल्या मोजल्या, खिडकी उघडून बंद केली, बॉयलरचं कपाट उघडून डोकावले, बाल्कनीतून पार्किंगचा फोटो काढला. मी नव्याने बसवलेल्या किचनकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. चार दिवसांनी आकडा आला. तो आकडा ३ महिनेच चालतो. त्या मुदतीत बँक, तुमचा सॉलिसिटर आणि असोसिएशनचा सॉलिसिटर या तिघांची मोट बांधायची, आणि ते आपापसात आठवड्यातून एक ईमेल या गतीने बोलतात. मुदत टळली की पुन्हा मूल्यांकन, पुन्हा फी. मूल्यांकन, वकील, बँकेची फी, असोसिएशनची फी असं मिळून दीड-दोन हजार पौंड दर खेपेला जातात. तीन खेपांत १०० गाठायचं म्हटलं तर हे तीनदा. म्हणूनच मी म्हणते, जायचं तर एका उडीत.

नव्या नमुन्याच्या करारात पहिली १५ वर्षं दरवर्षी १ टक्का घेण्याची सोय आहे. त्याला सर्व्हेयर लागत नाही, घरांच्या भावांच्या निर्देशांकावरून किंमत ठरते आणि असोसिएशन फी घेत नाही. आपल्या उदाहरणात वर्षाला साडेतीन हजार रोख भरायचे आणि भाडं महिना आठ-नऊ पौंडांनी उतरायचं. वाईट नाही, पण या वेगाने ४० चे ५५ होतात, १०० नाही.

१०० टक्के झाल्यावर भाडं थांबतं. मेंटेनन्स थांबत नाही, कारण फ्लॅट लीजवरच, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावरच, राहतो. योजनेतलं बैठं किंवा दुमजली घर असेल तर १०० टक्क्यांना बहुधा जमिनीसकट मालकी मिळते, म्हणून तिथे वाढवण्यात जास्त अर्थ आहे. अपवाद काही खेड्यांतला: तिथे ८० टक्क्यांच्या वर जाताच येत नाही. मेंटेनन्सचं पत्र दर वसंतात येतं. लिफ्ट, जिन्यातले दिवे, दाराची घंटा, विमा, व्यवस्थापन शुल्क, भविष्यातल्या दुरुस्तीचा निधी. आमची लिफ्ट महिनाभर बंद होती त्या वर्षीही लिफ्टच्या ओळीतला आकडा वाढला. पुण्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीशी भांडता तरी येतं. इथे ईमेल केलं की केस नंबर येतो.

आता घर बदलण्याची बाजू. तीही फुकट नाही. विकायला काढलं की आधी असोसिएशनला गिऱ्हाईक शोधायची संधी द्यावी लागते, जुन्या करारात ८ आठवडे, नव्यात ४. तोवर मूल्यांकनाच्या भावानेच विकायचं. त्यानंतर बाजारात. एकाच दिवशी उरलेला वाटा घेऊन पूर्ण घर विकायचीही पद्धत आहे. अख्खं घर हवं असलेलं गिऱ्हाईक मिळालं तर ती सोयीची, पण दोन व्यवहारांचे कागद एकमेकांत अडकतात. इमारत उंच असेल तर २०१७ च्या लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर बँका अनेकदा ईडब्ल्यूएस१ फॉर्म (इमारतीच्या बाहेरच्या आवरणाच्या आगसुरक्षेचा दाखला) मागतात. तो नसेल तर गिऱ्हाइकाला कर्ज मिळणं अवघड होऊ शकतं आणि घर पडून राहू शकतं. हा फॉर्म आहे का, हे घेतानाच विचारा.

आपल्या उदाहरणात चार वर्षांनी ४० टक्क्यांचे १,४०,००० येतील, बँकेचे १,०८,००० च्या आसपास फेडायचे, एजंट-वकिलांचे पाच-एक हजार जातील. हातात सत्तावीस हजार. ४,००,००० चं घर घ्यायचं तर १० टक्के डिपॉझिट ४०,००० आणि स्टॅम्प ड्यूटी १०,०००. म्हणजे वरचे तेवीस हजार चार वर्षांत साठवायला हवेत, महिना पाचशेच्या आत. दोघांचा पगार असेल तर ते अशक्य नाही, आणि वाटा वाढवल्याने जो जादा हप्ता बसला असता तोच इकडे वळवायचा. आम्ही हेच केलं. मुलगी माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर आली, आई-बाबा सहा महिने राहायला येतात तेव्हा हॉलमधला सोफा रोज रात्री उघडावा लागतो, आणि या फ्लॅटचे १०० टक्के घेऊनही खोली एकही वाढणार नव्हती. रेडिंगजवळ लोअर अर्लीला तीन बेडरूमचं घर ठरलंय, फ्लॅट विक्रीला आहे.

व्हिसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते तुमचा निर्णय त्यावरच फिरतो. नोकरी गेली तर दुसरा स्पॉन्सर (व्हिसासाठी नोकरी देणारी कंपनी) शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. फ्लॅट त्यात विकून होत नाही. आणि शेअर्ड ओनरशिपचं घर सहसा भाड्याने देता येत नाही. पुण्यात 'कुलूप लावण्यापेक्षा भाडेकरू ठेवू' म्हणतो, तो मार्ग इथे बंद. तुम्ही वारज्यात बसून हप्ता, भाडं आणि मेंटेनन्स तिन्ही भरत राहणार. कायम वास्तव्याला आजवर पाच वर्षं पुरायची. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ती साधारण दहा करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून हातात निदान सहा महिन्यांचा सगळा खर्च सुटा असल्याशिवाय वाटा घेऊही नका, वाढवणं तर दूरच.

वर्षभराने घर आवडलं तर बुकिंगचे पैसे देण्याआधी लीजची प्रत मागा आणि त्यात एवढं शोधा: करार जुन्या नमुन्याचा की नव्या (जुना ९९ किंवा १२५ वर्षांचा, नवा ९९० चा, नव्यात पहिली १० वर्षं अत्यावश्यक दुरुस्तीला वर्षाला ५०० पौंडांपर्यंत मदत मिळते), भाडं कोणत्या आकड्याला बांधलंय, एका वेळी कमीत कमी किती टक्के घ्यावे लागतात, आणि मागच्या तीन वर्षांचं मेंटेनन्सचं बिल. नवी इमारत असेल तर बिलं नसतील, फक्त अंदाज असेल. तो अंदाज सव्वापट धरून चाला. आणि वारज्याचं विकायचं की नाही हे पुण्यातून निघण्याआधी तिथल्या सीएशी बोलून ठरवा, कारण अनिवासी झाल्यावर विकलंत तर खरेदीदाराला टीडीएस बराच जास्त कापावा लागतो आणि ते पैसे सुटायला वेळ जातो.