पुलासाठी १०० वर्षांचा पूर (कुठल्याही वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असलेला) काढायचाय, नोंदी २८ वर्षांच्या आहेत. एक आउटलायर काढून टाकलाय. गम्बेल वापरू की लॉग-पिअर्सन?

पुरांच्या नोंदींवरून मोठ्या पुराचा अंदाज काढायची ही दोन सांख्यिकी वितरणं; दोन्ही लावून बघा. गम्बेलचा स्क्यूनेस (वितरण एका बाजूला किती कललंय त्याचं माप) १.१४ वर बांधलेलाच असतो. लॉग-पिअर्सन तो तुमच्या आकड्यांतून काढतं, पण २८ आकड्यांतून निघालेल्या स्क्यूनेसवर विसंबू नका, आसपासच्या खोऱ्यांचा प्रादेशिक स्क्यू त्यात मिसळा. मी लिहायला बसलो ते मात्र तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे: 'एक आउटलायर काढून टाकलाय.' तो, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेला आकडा, आधी परत घाला.

एका पुलाच्या कामात आमच्याकडेही असाच एक पूर होता, दुसऱ्या क्रमांकाच्या जवळपास दुप्पट. वरिष्ठ म्हणाले, "बिंदू रेषेवर बसत नाही, काढ." मी मोजणी केंद्राची मूळ वही मागवली. त्या रात्रीची पातळी तासातासाला लिहिलेली होती, पूर ओसरल्यावर काठावरच्या खुणांशी ताडूनही पाहिलेली होती. पातळीत खोट नव्हती. विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी) मात्र रेटिंग कर्व्हवरून, म्हणजे पातळीवरून विसर्ग सांगणाऱ्या आलेखावरून काढलेला, आणि करंट मीटरने (पाण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्यक्ष मोजलेला सर्वांत मोठा प्रवाह त्याच्या कितीतरी खाली. त्यावरची रेषा कुणीतरी पट्टी लावून सरळ पुढे ओढलेली. तिथे तर नदी काठ सोडून दोन्ही बाजूंना पसरली होती, आणि काठाबाहेरून वाहिलेलं पाणी त्या रेषेत धरलेलंच नव्हतं. म्हणजे खरा पूर नोंदीपेक्षा मोठाच असण्याची शक्यता जास्त. हे सगळं मी लेखी दिलं. तरीही आकडा गेला, आलेख देखणा झाला आणि अहवाल मंजूर झाला.

आउटलायर ओळखायची ग्रब्ज-बेक चाचणी फक्त सांगते की हा आकडा तपासा. वगळायचा तर मोजणीतली चूक दाखवता आली पाहिजे. ती न दाखवता सर्वांत मोठा पूर काढून पुलाची उंची ठरवणं मला आजही बेजबाबदारपणाच वाटतो, ठरवणारा कितीही अनुभवी असो. ७५ वर्षं टिकायच्या पुलाला १०० वर्षांचा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता ५३ टक्के आहे! त्यामुळे अहवालात एकच आकडा देऊ नका, विश्वास-मर्यादाही (खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असावा ते दोन आकडे) द्या, आणि कुणी काही वगळायला सांगितलं तर कारण लेखी मागा.

एक राहिलं. या २८ वर्षांत वरच्या बाजूला धरण झालं असेल, किंवा काही पूर बर्फ वितळून आणि काही चक्रीवादळाच्या पावसाने आले असतील, तर ही मालिका एकजिनसी नाही. आधी तिचे कारणांनुसार वेगळे भाग करा, तोवर दोन्ही वितरणं बाजूला ठेवा.