थंडीत मागे राहिलेला दुर्मिळ पक्षी सापडतच नाहीये, कसा शोधायचा?

तुम्ही म्हणताय की बाकीचे वॉर्बलर (किडे खाणारे चिमुकले पक्षी) कधीच निघून गेले, हा एकटाच कडाक्याच्या थंडीत मागे राहिलाय, लोकांना दिसतोय आणि तुम्ही मात्र हात हलवत परत येताय. मी तर म्हणेन पक्षी शोधूच नका, त्याचं खाणं शोधा.

किडे खाऊन जगणारा जीव आहे तो, थंडीत किडे आटले की त्याचा वावर दोन-चार जागांपुरताच उरतो. वारा कुठे लागत नाही, ऊन आधी कुठे पडतं, पाणी कुठे गोठत नाही ते बघा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र म्हटलं की नाक मुरडतात लोक, पण तिथलं पाणी त्यामानाने कोमट असतं, थंडीतही त्यावर चिलटं उठतात आणि कडेच्या झुडपात हे महाशय ती टिपत बसलेले असतात. आणि भल्या पहाटे जायचा हट्ट सोडा, ऊन झाडावर चढून किडे हलायला लागले की मग मजा.

यलो-ब्राउड वॉर्बलरच घ्या. वीण सायबेरियात, हिवाळा आग्नेय आशियाकडे, पण दर शरद ऋतूत काही उलटे पश्चिमेला युरोपात पोचतात आणि त्यातले थोडे थंडीभर तिथेच मुक्काम ठोकतात. सहा-सात ग्रॅमचा जीव, पानाआड गेला की संपलं! तो बऱ्याचदा टिट, गोल्डक्रेस्ट अशा इतर छोट्या पक्ष्यांच्या थव्यात मिसळून फिरतो, म्हणून थवा आला की चार पक्षी बघून दुर्बीण खाली ठेवू नका, शेवटच्यापर्यंत एकेक तपासा, लांब फिकट भुवई आणि पंखावर दोन पट्ट्या दिसतायत का ते बघा. थवा पुढे गेला तर मागे धावू नका, फिरून बऱ्याचदा त्याच झाडांवर येतो. त्याची वर चढत जाणारी बारीक शीळ मात्र आधी नीट ऐकून ठेवा, निम्म्या वेळा आधी तीच सापडते.

मोबाइलवर त्याचा कॉल, म्हणजे आवाज, वाजवून बोलवायचं मात्र अजिबात नको, रात्र काढायला साठवलेली ताकद तो तुमच्या स्पीकरशी भांडण्यात घालवणार.

आणि दिसलाच तर आधी पंखाचे, पाठीचे फोटो काढा, कारण उशिरा दिसलेला पक्षी भलताच निघू शकतो. उत्तर युरोपात नोव्हेंबरमध्ये स्विफ्ट (पाकोळी) दिसला तर नेहमीचा कॉमन स्विफ्ट समजून सोडत नाहीत, दक्षिणेकडचा पॅलिड स्विफ्ट असायची शक्यता असते, आणि दोघांतला फरक फोटो झूम केल्याशिवाय कळणं महाकठीण.